पाककृतींतील वजने व मापे

पाव, केक, बिस्किटे, नानकटाई इ. भट्टीत भाजावयाच्या पदार्थांच्या पाककृतींत घटक द्रव्यांचे प्रमाण दोन प्रकारे दिलेले असते : वजनाने (ग्रॅम, किलोग्रॅम, औंस, पौंड) किंवा भांड्यात मावणाऱ्या घनफळाने (कप, वाटी, चमचा). यांपैकी एका प्रकारे दिलेले प्रमाण दुसऱ्या प्रकारात मांडणे यास मापांतर म्हणता येईल. वरवर पाहता हा साध्या गुणाकार-भागाकाराचा विषय वाटतो. परंतु एका कपात किती ग्रॅम मावतात याचे उत्तर पदार्थागणिक बदलते, आणि मैद्यासारख्या पदार्थाच्या बाबतीत तर तो कप कसा भरला यावरही अवलंबून असते. आमटी-भाजीत कमीजास्त झालेले मीठ-पाणी शिजतानाही सुधारून घेता येते. भट्टीत गेलेला पिठाचा गोळा किंवा केकचे मिश्रण मात्र पुन्हा दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे या पदार्थांच्या बाबतीत मापनातील अचूकतेला विशेष महत्त्व आहे.

घनता व राशिघनता : पदार्थाच्या एकक घनफळातील वस्तुमानाला घनता म्हणतात. व्यवहारात वस्तुमानाला वजन असेच म्हटले जाते व प्रस्तुत नोंदीतही तो शब्द त्याच अर्थाने वापरला आहे. दशमान पद्धतीची आखणी करताना फ्रान्समध्ये १७९५ साली ग्रॅम हे एकक एक घन सेंटिमीटर पाण्याच्या वजनावरून ठरविण्यात आले. किलोग्रॅमची व्याख्या पुढे अनेकदा बदलली व २० मे २०१९ पासून ती प्लांक स्थिरांकावर आधारलेली आहे. तथापि एक मिलिलिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम, हा मूळचा संबंध व्यवहारापुरता कायम आहे. पाण्याची घनता ४° से. तापमानास जवळजवळ १ ग्रॅ. प्रति मिलि., तर ३०° से. तापमानास सु. ०·९९६ ग्रॅ. प्रति मिलि. असते. हा फरक स्वयंपाकघरात जाणवण्यासारखा नाही.

इतर द्रव पदार्थांची घनता पाण्याहून कमी किंवा अधिक असली, तरी ती बरीचशी ठराविक असते. दुधाची घनता सु. १·०३, खाद्य तेलाची सु. ०·९२, पातळ केलेल्या तुपाची सु. ०·९१ व मधाची सु. १·४२ ग्रॅ. प्रति मिलि. असते. म्हणून द्रव पदार्थांचे मापांतर सोपे व भरवशाचे असते. तापमानाप्रमाणे तेलाचे घनफळ बदलते, हे मात्र व्यापारात लक्षात घ्यावे लागते. एक लिटर सोयाबीन तेलाचे वजन २१° से. तापमानास सु. ९१९ ग्रॅ., तर ६०° से. तापमानास सु. ८९३ ग्रॅ. भरते. काही उत्पादक वेष्टनावर चढे तापमान छापून त्या तापमानाचे घनफळ दाखवीत असल्यामुळे, केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये तेलाच्या वेष्टनावर तापमानाचा उल्लेख न करता घनफळ व त्याबरोबर वजनही देण्याविषयी सूचना काढल्या.

पीठ, साखर, रवा, मीठ यांसारख्या कणरूप पदार्थांची गोष्ट निराळी आहे. असा पदार्थ भांड्यात भरला असता कणांच्या मधल्या पोकळ्यांत हवा राहते. या पोकळ्या धरून येणाऱ्या एकूण घनफळावरून काढलेल्या घनतेला राशिघनता म्हणतात. साखरेच्या स्फटिकाची स्वतःची घनता सु. १·५९ ग्रॅ. प्रति मिलि. आहे. परंतु कपात भरलेल्या दाणेदार साखरेची राशिघनता सु. ०·८४ इतकीच असते. म्हणजे साखरेने भरलेल्या कपात जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक जागा साखरेने व्यापलेली असते. मैद्याच्या कणांची घनता सु. १·४५ असून हलक्या हाताने भरलेल्या मैद्याची राशिघनता सु. ०·५२ असते. अशा कपात सु. ६४ टक्के जागा हवेची असते.

एकाच आकाराचे गोल कण अत्यंत सुव्यवस्थितपणे रचले, तर ते अधिकात अधिक सु. ७४ टक्के जागा व्यापतात. स्वैरपणे पण घट्ट बसविल्यास हे प्रमाण सु. ६४ टक्क्यांवर येते. मैदा या मर्यादेपासून बराच दूर राहतो, याचे कारण त्याचे कण फार बारीक व ओबडधोबड असतात. आंतरराष्ट्रीय खाद्यसंहितेनुसार गव्हाच्या पिठाचा किमान ९८ टक्के भाग २१२ मायक्रॉन छिद्रांच्या चाळणीतून जावा लागतो. इतक्या बारीक कणांच्या बाबतीत कणाकणांमधील परस्पर आकर्षण कणाच्या वजनापेक्षा प्रभावी ठरते. कण एकमेकांवरून घसरून खाली बसण्याऐवजी जागच्या जागी चिकटून राहतात व मध्ये मोठ्या पोकळ्या ठेवतात. साखरेचे दाणे त्यामानाने जड असल्याने ते वाहतात व आपोआप बसतात. यामुळे साखरेचा कप कोणीही भरला तरी वजनात फारसा फरक पडत नाही. मैद्याचा कप मात्र भरणाऱ्याच्या हाताप्रमाणे बदलतो. चाळल्याने पिठात हवा मिसळते व राशिघनता घटते. पोते किंवा डबा हलविल्याने, वाहतुकीतील हादऱ्यांनी, वर ओझे पडल्याने किंवा ठोकून भरल्याने ती वाढते. ठोकून बसविलेल्या चूर्णाची घनता व सैल भरलेल्या चूर्णाची घनता यांच्या गुणोत्तरास हाउसनर गुणोत्तर म्हणतात. ते एकाच्या जितके जवळ, तितके ते चूर्ण घनफळाने मोजण्यास अधिक योग्य असते.

दळण्याच्या जाडीचाही असाच परिणाम होतो. २५० मिलि. मापाच्या कपात दाणेदार साखर सु. २१० ग्रॅ. मावते, तर तीच साखर दळून केलेली पिठीसाखर सु. १२५ ग्रॅ. मावते. म्हणजे एक कप साखर दळली असता सु. पावणेदोन कप पिठीसाखर तयार होते. साखर मोजून मग दळावयाची की दळून मग मोजावयाची, हे पाककृतीत स्पष्ट नसेल, तर गोडीत मोठा फरक पडतो. मिठाच्या बाबतीत ही तफावत अधिक तीव्र असते. बारीक मीठ ५ मिलि.च्या चमच्यात सु. ६ ग्रॅ. मावते, पापुद्र्यांसारख्या पोकळ स्फटिकांचे मीठ त्याच चमच्यात सु. ३ ग्रॅ.च भरते. दोहोंचा खारटपणा वजनास वजन सारखाच असतो.

कप व चमचा यांची परिमाणे : कप या नावाचे माप सर्व देशांत एक नाही. अमेरिकेतील रूढ कप सु. २३७ मिलि.चा असून तेथील खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवरील पोषणविषयक माहितीसाठी २४० मिलि.चा कप धरतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इ. देशांत २५० मिलि.चा दशमान कप वापरतात. जुन्या ब्रिटिश पुस्तकांतील कप अर्ध्या पाइंटाचा, म्हणजे सु. २८४ मिलि.चा असतो. जपानमध्ये पाकक्रियेचा कप २०० मिलि.चा असून तांदूळ मोजण्यासाठी मात्र १८० मिलि.चे पारंपरिक माप चालते. लहान चमचा सर्वत्र सु. ५ मिलि.चा आहे. मोठा चमचा अमेरिकेत सु. १५ मिलि.चा म्हणजे तीन लहान चमच्यांचा, तर ऑस्ट्रेलियात २० मिलि.चा म्हणजे चार लहान चमच्यांचा असतो.

ब्रिटिश व अमेरिकन मापांतील फरकाचे मूळ गॅलनच्या व्याख्येत आहे. अमेरिकेने १७०७ साली इंग्लंडमध्ये निश्चित झालेला २३१ घन इंचांचा मद्याचा गॅलन कायम ठेवला. ब्रिटनने १८२४ च्या कायद्याने, ६२° फॅ. तापमानास १० पौंड पाणी मावेल इतक्या घनफळाचा नवा गॅलन स्वीकारला. अमेरिकन पाइंट १६ द्रव औंसांचा (सु. ४७३ मिलि.) व ब्रिटिश पाइंट २० द्रव औंसांचा (सु. ५६८ मिलि.) असल्यामुळे पाइंटातून निघालेले कपही निराळे झाले. औंस या शब्दाने आणखी घोटाळा होतो. वजनाचा औंस २८·३५ ग्रॅ.चा असतो, तर द्रव औंस हे घनफळाचे माप असून अमेरिकेत ते सु. २९·६ मिलि. व ब्रिटनमध्ये सु. २८·४ मिलि. असते. पाण्याच्या बाबतीत दोन्ही औंस जवळजवळ सारखे येतात. पण आठ द्रव औंस मैदा वजनाने जेमतेम सव्वाचार औंस भरतो. मापनपात्रावरील औंसांच्या खुणा पाहून पीठ घेणाऱ्याच्या हातून ही चूक हमखास होते.

ऐतिहासिक आढावा : यूरोपातील जुन्या पाककृतींत केकची द्रव्ये वजनाने सांगण्याचा प्रघात होता. पीठ, लोणी, साखर व अंडी प्रत्येकी एक पौंड घेऊन केलेल्या केकला पौंड केक असे नाव पडले. इंग्लंडमध्ये हॅना ग्लास यांच्या १७४७ साली प्रसिद्ध झालेल्या पाकशास्त्रविषयक पुस्तकात त्याची कृती आढळते. फ्रान्समध्ये याच प्रकारच्या केकला ‘चार चतुर्थांश’ या अर्थाचे नाव आहे. अमेरिकेत मात्र एकोणिसाव्या शतकात घनफळाची मापे रूढ झाली. नव्या वसाहतींतील घरांत तराजूपेक्षा पेला व चमचा हाताशी असत, असे त्याचे कारण सांगितले जाते. तेव्हाच्या पाककृतींत चहाचा पेला, अक्रोडाएवढे लोणी अशी मोघम मापे असत. फॅनी मेरिट फार्मर (१८५७–१९१५) यांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या बॉस्टन पाकशाळेच्या पाकपुस्तकात मोजमापाचा कप व चमचा काठाशी सपाट करून भरावा, असा दंडक घालून दिला. या पुस्तकाच्या प्रसारामुळे शीग लावून भरण्याची पद्धत मागे पडली व सपाट मापाची पद्धत अमेरिकेत स्थिर झाली. आजही अमेरिकेतील घरगुती पाककृती प्रायः कपांत, तर यूरोपातील पाककृती ग्रॅममध्ये असतात.

कपांची संख्या व वजनांचे प्रमाण यांत किती अंतर असते, हे अमेरिकेतील ‘एक-दोन-तीन-चार’ केकवरून दिसून येते. यात एक कप लोणी, दोन कप साखर, तीन कप मैदा व चार अंडी घेतात. मैदा साखरेच्या दीडपट असावा, असा या आकड्यांवरून ग्रह होतो. वजने पाहिली, तर लोणी सु. २२७ ग्रॅ., साखर सु. ४०० ग्रॅ., मैदा सु. ३६० ग्रॅ. व कवच काढलेली अंडी सु. २०० ग्रॅ. भरतात. म्हणजे वजनाने साखरच मैद्याहून अधिक असते.

महाराष्ट्रात धान्य मोजण्याची जुनी रीत घनफळाचीच होती. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही मापे उतरंडीने चालत : दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली व चार शेरांची पायली. याच काळात तराजूवर तोलावयाचा वजनी शेरही चालू होता. ८० तोळ्यांचा पक्का शेर सु. ९३३ ग्रॅ.चा असे, इतरत्र निराळे शेरही प्रचलित होते. मापी शेर ज्वारीने भरला तर एक वजन येई, भाताने भरला तर दुसरे, हे शेतकऱ्यास व व्यापाऱ्यास पुरते ठाऊक होते. मापाच्या काठावर उभ्या राहणाऱ्या धान्याच्या निमुळत्या राशीस शीग म्हणतात. माप शिगेने द्यावयाचे की सपाट, यावर देणाऱ्याघेणाऱ्याचा नफातोटा ठरे. ‘शिगेला पोहोचणे’ हा वाक्‌प्रचार याच व्यवहारातून आला आहे. स्वतंत्र भारतात १९५६ च्या वजने व मापे मानक कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली गेली व १ ऑक्टोबर १९५८ पासून तिचा टप्प्याटप्प्याने अंमल सुरू झाला. सध्या या विषयाचे नियमन वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ या कायद्याने होते. तो १ एप्रिल २०११ पासून अंमलात आहे. व्यापारातील मापे अशी एकरूप झाली, तरी घरगुती पाकक्रियेत वाटी व चमचा ही मापे टिकून राहिली. कमलाबाई ओगले यांच्या रुचिरा (१९७०) या लोकप्रिय पुस्तकाने वाटी-चमच्याच्या मापांना मराठी घरांत प्रतिष्ठा मिळवून दिली.

मापांतराची रीत : वजनावरून घनफळ काढण्यासाठी ग्रॅममधील वजनाला राशिघनतेने भागतात, घनफळावरून वजन काढण्यासाठी मिलिलिटरमधील घनफळाला राशिघनतेने गुणतात. आलेल्या घनफळाला कपाच्या मापाने भागल्यास कपांची संख्या मिळते. उदा., ५०० ग्रॅ. मैदा हलक्या हाताने भरावयाचा असेल, तर ५०० ÷ ०·५२ म्हणजे सु. ९६० मिलि., अर्थात २५० मिलि.चे सु. ३·८५ कप होतात. तोच मैदा डब्यात कप खुपसून घेतला व त्याची राशिघनता ०·६० धरली, तर सु. ८३३ मिलि. म्हणजे ३·३३ कप पुरतात. एकाच वजनासाठी दोन उत्तरांत अर्ध्या कपाचा फरक येतो व आपापल्या जागी दोन्ही उत्तरे बरोबर असतात. म्हणून कप कसा भरला, हे सांगितल्यावाचून मैद्याचे मापांतर पूर्ण होत नाही.

नेहमीच्या द्रव्यांची वजने पुढील कोष्टकात दिली आहेत. ती सपाट भरलेल्या मापाची असून पीठ, दाणे व दमटपणा यांप्रमाणे त्यांत थोडा फरक पडू शकतो.

२५० मिलि.च्या कपात मावणारे वजन (सु., ग्रॅममध्ये)

पाणी – २५०
दूध – २५८
खाद्य तेल – २३०
तूप, पातळ केलेले – २२८
लोणी – २४०
मध – ३५५
साखर, दाणेदार – २१०
पिठीसाखर – १२५
मैदा, चाळून हलकेच भरलेला – १२०
मैदा, चमच्याने भरून सपाट केलेला – १३०
मैदा, कप खुपसून घेतलेला – १५०
कणीक – १२५ ते १३०
रवा – १७५
बेसन, चाळलेले – १००
मक्याचे सत्त्व (कॉर्नफ्लोअर) – १३५
कोको चूर्ण – ९०
तांदूळ – १९५

५ मिलि.च्या चमच्यात मावणारे वजन (सु., ग्रॅममध्ये)

मीठ, बारीक – ६
साखर, दाणेदार – ४
खाण्याचा सोडा – ५
बेकिंग पावडर – ४ ते ४·५
कोरडे दाणेदार यीस्ट – ३

चुकीचे परिणाम : मैद्याच्या कपातील फरकाचा परिणाम किती होतो, हे पावाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. पावाच्या पिठात पाण्याचे प्रमाण मैद्याच्या वजनाच्या शेकडेवारीत सांगतात. एखाद्या कृतीत चार कप मैदा व ३६० मिलि. पाणी सांगितले आहे असे समजू. मैदा चाळून भरल्यास त्याचे वजन ४८० ग्रॅ. होते व पाणी ७५ टक्के पडते. पीठ सैल होऊन हाताला चिकटते व पाव पसरतो. चमच्याने भरल्यास मैदा ५२० ग्रॅ. व पाणी सु. ६९ टक्के होते. कप खुपसून घेतल्यास मैदा ६०० ग्रॅ. व पाणी ६० टक्के राहते. पीठ घट्ट होते, फुगण्यास वेळ लागतो व पाव दडस होतो. तिन्ही वेळा कृती शब्दशः पाळलेली असते. घटक द्रव्यांत वा भट्टीत काही दोष नसताना पदार्थ बिघडला, असे वाटते त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

केकमध्ये पीठ जास्त झाल्यास तो कोरडा व भरड होतो आणि वरून फुटतो. साखर जास्त झाल्यास पिठातील स्टार्च फुगून घट्ट होण्याचे तापमान वाढते, केकचा सांगाडा वेळेवर तयार होत नाही व तो मध्यभागी बसतो. सोडा किंवा बेकिंग पावडर जास्त पडल्यास वायू लवकर व अधिक निर्माण होऊन मोठे बुडबुडे फुटतात व केक खचतो. सोडा जास्त असल्यास साबणासारखी चवही येते. पावात मीठ पिठाच्या सु. २ टक्के असते. ५०० ग्रॅ. पिठास लागणारे १० ग्रॅ. मीठ बारीक असल्यास सु. पावणेदोन चमचे, तर पापुद्र्याचे असल्यास साडेतीन चमच्यांच्या आसपास होते. मीठ यीस्टची क्रिया मंदावते. त्यामुळे मिठाचा प्रकार बदलला, की चवीबरोबर पीठ फुगण्याचा कालही बदलतो.

वाटीचे माप व प्रमाण : सर्व द्रव्ये एकाच भांड्याने मोजली, तर त्या भांड्याचे आकारमान महत्त्वाचे राहत नाही, द्रव्यांचे परस्पर प्रमाण तेच राहते. घराघरांतील वाट्या लहानमोठ्या असूनही वाटीच्या मापाने केलेल्या वड्या व लाडू साधतात, ते यामुळेच. ज्या कृतीत काही द्रव्ये वाटीने व काही नगाने किंवा ठराविक चमच्याने सांगितलेली असतात, तेथे मात्र हा नियम मोडतो. दोन अंडी सांगितलेल्या कृतीत २०० मिलि.च्या वाटीऐवजी १५० मिलि.ची वाटी वापरल्यास पिठाच्या मानाने अंड्यांचे प्रमाण एकतृतीयांशाने वाढते. अंड्यांचे आकारही सारखे नसतात. अमेरिकन पाककृतींतील मोठे अंडे कवचासह सु. ५७ ग्रॅ. व कवचाविना सु. ५० ग्रॅ. धरलेले असते. भारतातील लहान अंडी वापरताना ती फोडून तोलून घेणे अधिक चांगले.

व्यावसायिक पद्धती : बेकरीत सर्व द्रव्ये, बहुधा पाणीसुद्धा, वजनानेच घेतात. तेथे पिठाचे वजन १०० मानून इतर द्रव्ये त्याच्या टक्केवारीत लिहिण्याची पद्धत आहे. उदा., साध्या पावाची कृती मैदा १००, पाणी ६२, साखर ३, मीठ २ व कोरडे यीस्ट १ अशी मांडता येते. बेरीज १६८ होते. यावरून कितीही पाव करावयाचे असले तरी द्रव्यांची वजने एका त्रैराशिकाने निघतात : ८·४ किग्रॅ. पीठगोळा हवा असल्यास मैदा ५ किग्रॅ., पाणी ३·१ किग्रॅ., साखर १५० ग्रॅ., मीठ १०० ग्रॅ. व यीस्ट ५० ग्रॅ. लागते. ही पद्धत कपांच्या मापात चालविता येत नाही. कारण प्रत्येक द्रव्याची राशिघनता निराळी असते.

अचूक मापनाविषयी : घनफळानेच मोजावयाचे असल्यास पीठ प्रथम डब्यातच चमच्याने ढवळून मोकळे करतात, चमच्याने कपात शीग लागेपर्यंत हलकेच घालतात व सुरीच्या सरळ कडेने काठाशी सपाट करतात. कप आपटणे किंवा पीठ दाबणे टाळतात. ‘चाळलेला मैदा १ कप’ म्हणजे आधी चाळून मग मोजलेला आणि ‘मैदा १ कप, चाळून’ म्हणजे आधी मोजून मग चाळलेला, हा भेद पाककृती लिहिणाऱ्याने व वाचणाऱ्याने सांभाळावा लागतो. द्रव पदार्थ पारदर्शक मापनपात्रात घेऊन, पात्र सपाट जागी ठेवून व डोळे खुणेच्या पातळीत आणून वाचतात. थिजलेले तूप किंवा लोणी कपात भरताना हवेच्या पोकळ्या राहतात. ते विस्थापनाने मोजता येते. अर्धा कप लोणी हवे असल्यास कपात अर्ध्यापर्यंत थंड पाणी घेऊन, पाणी काठाला येईपर्यंत त्यात लोण्याचे गोळे टाकतात. लोणी पाण्याहून हलके असल्याने ते पाण्याखाली दाबून धरावे लागते.

घरातील वाटीचे किंवा कपाचे माप ठाऊक नसल्यास रिकामे भांडे तोलून, ते पाण्याने काठोकाठ भरून पुन्हा तोलतात. दोन वजनांतील ग्रॅमचा फरक हेच मिलिलिटरमधील माप होय. त्याच वाटीने नेहमीचे पीठ नेहमीच्या पद्धतीने तीन वेळा भरून तोलले व सरासरी काढली, तर त्या घरापुरते मापांतराचे विश्वसनीय कोष्टक तयार होते. कोणत्याही छापील कोष्टकापेक्षा ते अधिक उपयुक्त असते.

वजन करण्यासाही मर्यादा आहेत. घरगुती इलेक्ट्रॉनिक काट्यात भारामुळे धातूच्या पट्टीस येणारी सूक्ष्म विकृती विद्युत् रोधातील बदलाच्या रूपाने मोजली जाते व असे काटे सामान्यतः १ ग्रॅ.पर्यंतचा फरक दाखवितात. ५०० ग्रॅ. मैद्याच्या बाबतीत अर्ध्या ग्रॅमची चूक नगण्य असते, २ ग्रॅ. यीस्ट तोलताना तीच चूक २५ टक्के होते. म्हणून यीस्ट, सोडा, वेलची पूड यांसारखी अल्प प्रमाणातील द्रव्ये सपाट चमच्याने किंवा ०·१ ग्रॅ.पर्यंत दाखविणाऱ्या काट्याने घेतात. पीठ, साखर व स्निग्ध पदार्थ वजनाने, पाणी व दूध वजनाने किंवा मापाने आणि अल्प द्रव्ये चमच्याने घेणे, ही घरगुती वापरासाठी सर्वांत सोयीची विभागणी ठरते. जुनी कपांतील पाककृती ग्रॅममध्ये आणावयाची झाल्यास ती लिहिणाऱ्याचा कप कोणत्या देशाचा होता व तो पीठ कसे भरीत असे, याचा आधी शोध घ्यावा लागतो. तो न लागल्यास मधला आकडा धरून एकदा पदार्थ करून पाहतात व पिठाची सैल-घट्ट अवस्था पाहून वजन निश्चित करतात. एकदा निश्चित झालेले वजन मात्र पुढे कोणाच्याही हाती तेच राहते.